झेपेपुढची खूण

मला उडी मारता यायची नाही. आज सांगताना गंमत वाटते, तेव्हा ती गंमत नव्हती. आमच्या दाराशी दोन पायऱ्या होत्या. त्यांतली शेवटचीसुद्धा मी भिंतीला हात लावून, आधी एक पाय आणि मग दुसरा, अशी उतरायची. वस्तीतल्या बाकीच्या पोट्ट्या ओट्यावरून धपाधप खाली उड्या मारायच्या, चिंचेच्या फांदीला लोंबकळायच्या, आणि मी खाली त्यांच्या चपला सांभाळत उभी असायची. पाय जमिनीवरून सुटले की जमीन परत मिळेल यावर माझा विश्वासच बसायचा नाही. "ही पोट्टी जन्माले बी भीत भीतच आली असन," असं माय येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. माझं नाव शाळेत शकुंतला, घरी बेबी. पण पोरं मला 'भित्री बेबी' म्हणत, आणि मला राग यायच्या आधी ते खरंच आहे हे आठवायचं.

घर कवेलूचं, म्हणजे कौलारू, दोन खोल्यांचं. बाबा कापडाच्या मिलमध्ये मागावर होते. भोंगा झाला की माय चुलीवर तवा ठेवायची आणि दुसरा भोंगा व्हायच्या आत बाबा भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात घालून दाराबाहेर पडलेले असायचे. दिवसभर माय विड्या वळायची. तेंदूच्या ओल्या पानांचा वास आमच्या अंथरुणापांघरुणात, वह्यांत, माझ्या वेण्यांतसुद्धा मुरलेला होता. पानं कापणाऱ्या कैचीचा कचकच आवाज थांबला की माय जेवायला बसली असं समजायचं. रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकर आणि लाखोळीच्या डाळीचं वरण, रविवारी वांग्यात टाकलेली सुकट. सुकटीतले वांग्याचे तुकडे माझी धाकटी बहीण नलू मला द्यायची आणि माझ्या वाटीतली सुकट वेचून खायची. हा सौदा कधी ठरला हे दोघींनाही आठवत नाही. नलू माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, काटकुळी, आणि तिला कशाचीच भीती नव्हती. माझ्या वाटणीचं धाडस देवानं तिच्याच ताटात वाढलं असं म्हटलं असतं, पण आमच्या घरात देवाला आता हे काम उरलं नव्हतं. बाबांनी धम्म घेतला होता. रोज संध्याकाळी आम्ही बुद्धाच्या तसबिरीपुढे बसून पंचशील म्हणायचो आणि बाबा मग एकेका शीलाचा अर्थ विचारायचे. चौथं, खोटं न बोलण्याचं शील नेहमी माझ्या वाट्याला यायचं, कारण ते मला नीट सांगता यायचं.

बाबांची एकच हौस होती. त्यांच्या पोरीनं इंग्रजी बोलावं. त्यांना स्वतःला इंग्रजीतली सही तेवढी यायची आणि ती ते पगाराच्या दिवशी फार सावकाश करायचे. शहराच्या सदर भागात पोरींची एक इंग्रजी शाळा होती. तिथे दर वर्षी एक-दोन गरीब पोरींना बिनफीचं घ्यायचे, पण कोणीतरी शिकलेल्या माणसानं चिठ्ठी द्यावी लागायची. आमच्या वस्तीत असा माणूस एकच होता, आम्ही त्यांना हवालदार काका म्हणायचो. पलटणीतून परत आलेले, ताठ मानेचे, म्हातारपणीही रोज दाढी करणारे. संध्याकाळी ते विहाराच्या आवारात पोरापोरींना फुकट इंग्रजी शिकवायचे. त्यांची शिकवायची तऱ्हा मी पुढे कुठल्याच शाळेत पाहिली नाही, आणि मी स्वतः चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं आहे.

"पलटणीत शब्दाचा अर्थ सांगत नाहीत," ते म्हणायचे. "करून घेतात. अर्थ चुकला का माणूस मरते." म्हणून त्यांच्या शिकवणीत शब्द आधी अंगानं करायचा आणि मगच वहीत लिहायचा. वहीच्या पानावर तीन रकाने. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी अर्थ, तिसऱ्यात बरोबरची खूण. ती खूण ज्यानं त्यानं आपली आपण करायची. काका वही तपासायचे, खूण तपासायचे नाहीत. "खूण तुमच्या इमानाची हाय," एवढंच म्हणायचे. खाण्यापिण्याचे, चालण्याबसण्याचे शब्द मी भराभर केले. मग एक दिवस त्यांनी फळ्यावर उड्यांचे शब्द लिहिले.

आपल्याला वाटतं उडी म्हणजे उडी. काकांनी आमच्याकडून तिच्या आठ जाती करून घेतल्या. जंप म्हणजे साधी उडी, दोन्ही पाय एकदम उचलायचे. हॉप म्हणजे लंगडी. स्किप म्हणजे दोरीवरची. स्प्रिंग म्हणजे उसळी, त्यासाठी उकिडवं बसून एकदम वर यायचं. पाऊन्स म्हणजे झडप. त्यासाठी ते रुमाल जमिनीवर टाकायचे आणि मांजरीसारखं दबा धरून तो पकडायला लावायचे. डाइव्ह म्हणजे सूर, तो गवळ्याच्या गोठ्यातल्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या ढिगावर. व्हॉल्टला मराठीत एका शब्दात नाव सापडेना, म्हणून काकांनी 'हात टेकून ओलांडणे' असं लांबलचक लिहून दिलं आणि आवाराच्या बुटक्या भिंतीवरून सगळ्यांना पलीकडे पाठवलं. मी भिंतीवर पालीसारखी चिकटून बसले तेव्हा नलूनं खालून ढकललं. गुडघे सोलले, पण पलीकडे गेले, आणि खरी खूण केली. आधीच्या उड्याही मी अशाच, कोणी ढकलून तर कोणी ओढून, केल्या होत्या. नलू शिकवणीला यायला लहान होती. ती नुसती माझ्या मागे यायची, काठावर बसायची आणि सगळ्यांच्या आधी सगळे शब्द करून मोकळी व्हायची. तिच्याजवळ वहीसुद्धा नव्हती.

आठवा शब्द लीप. अर्थ झेप. काका त्या दिवशी जरा जास्तच ताठ उभे राहिले. "लीप वेगळी. मधात काहीतरी पाहिजे. नाली म्हणा, खड्डा म्हणा. इकडची जमीन सोडली आन् तिकडची अजून भेटली नाही, त्या मधातल्या टायमाले लीप म्हणतात. जागा आपली आपण शोधा, मारा, आन् रविवारच्या आधी येऊन सांगा." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बेबी, तुही वही भरली का मी चिठ्ठी लिहितो. बाबाले सांगजो." बाबांना मी सांगितलं नाही, नलूनं सांगितलं. त्या रात्री बाबांनी माझ्या ताटात आपल्या हातानं गूळ वाढला. तो गूळ मला गिळवेना.

चार दिवस मी विहाराच्या मागच्या नालीपाशी जाऊन उभी राहायची. हातभर रुंद नाली, शेंबडं पोरसुद्धा ओलांडून जाईल. मी एक पाय पुढे करायची आणि परत घ्यायची. लोक येत-जात होते. पाचव्या दिवशी आवारात सगळे आपापली जागा सांगायला लागले. प्रभा माझ्या वर्गातली, दणकट, बोलायला फटकळ. तिनं सांगितलं, "विहारामागची नाली." काका म्हणाले, "चाल, दाखव." आणि तिनं सगळ्यांसमोर दाखवली. माझी पाळी आली. जवळची जागा सांगितली तर काका 'दाखव' म्हणणार, हे मला तेवढ्या क्षणात समजलं. भित्र्या माणसाची अक्कल अशा वेळी फार जलद चालते. मी म्हणाले, "तुटकी पुलिया."

तुटकी पुलिया मिलच्या मागच्या नाल्यावर होती. मधली फरशी कधीची पडलेली, दोन्हीकडे दगडी टोकं उरलेली आणि मध्ये साडेतीन-चार हातांची फट. खाली दीड पुरुष खोल नाला, त्यात पडलेल्या फरशीचे तुकडे आणि मिलमधून सुटलेलं रंगाचं पाणी. ज्या दिवशी मिलमध्ये जो रंग चालू असेल त्या रंगाचं पाणी नाल्याला यायचं, कधी निळं, कधी हिरवं. मोठी पोरं तिथून झेपा मारायची, पोरींनी कोणी मारलेली नव्हती. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "असं?" एवढंच म्हणाले. मी वही उघडली आणि झेपेपुढे बरोबरची खूण केली. माझ्या शेजारी नलू बसली होती. तिनं वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

त्यानंतरचे दोन दिवस मी जशा भीतीत काढले तशी भीती मला पुढे बाळंतपणातही वाटली नाही. शाळेत वाटायचं प्रभाला संशय आला असेल. घरी वाटायचं बाबा विचारतील. संध्याकाळी पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी माझा आवाज उतरायचा आणि बाबांना ते कळलं असेल म्हणून मी त्यांच्याकडे पाहायची नाही. आणि बाबा तर इतके खूश, की मिलमधल्या सगळ्या सोबत्यांना त्यांनी सदरच्या शाळेचं सांगून ठेवलं होतं. त्यांच्या त्या आनंदाचीच मला जास्त भीती वाटायची.

रविवारी दुपारी सुकट शिजत होती. मायनं म्हटलं, "नलूले बोलाव वं, कुठं उंडारून राहिली कोणास ठाऊक." मी गल्लीच्या तोंडाशी गेले, तिथल्या एका म्हातारीनं सांगितलं, दोघी-तिघी पोट्ट्या भांडत भांडत नाल्याकडे गेल्या. मी धावत सुटले. उडी येत नव्हती तरी धावता मला बरं यायचं.

पुलियाच्या अलीकडच्या टोकाशी प्रभा उभी होती, आणखी दोघी होत्या आणि नलू होती. नलूचा चेहरा रागानं लाल झालेला. मला पाहताच ती ओरडली, "बेबीताई, सांग हिले. ही म्हणते तू झेप मारलीच नाही. खोटी खूण केली म्हणते."

आजही मी त्या जागेशी अडते. त्या वेळी मला एवढंच म्हणायचं होतं, की हो, खोटी आहे. प्रभा हसली असती, वस्तीभर बोभाटा झाला असता, काकांनी चिठ्ठी दिली नसती, बाबा दोन दिवस जेवले नसते. याहून जास्त काही झालं नसतं. पण तेव्हा मला ते सगळं मरणासारखं वाटलं. मी म्हणाले, "मारली मी."

"मंग आता मार," प्रभा म्हणाली. "आमच्यासमोर मार. आम्ही उभ्या आहो."

मी टोकाशी गेले. खाली पाहिलं. त्या दिवशी मिलमधून लाल रंग सुटला होता. पलीकडचं टोक मला कोसभर दूर दिसत होतं. मी चार पावलं मागे आले, फ्रॉक खोचला आणि तिथेच उभी राहिले. एक पाय पुढे करत होते आणि परत घेत होते, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. कोणी हसलं नाही, हे आणखी वाईट. प्रभा हळूच म्हणाली, "जाऊ दे बेबी, नको मारू." तिला खरंच माझी कीव आली होती. आणि तेवढ्यात माझ्या कुशीला काहीतरी घासून गेलं. नलू. तिनं चपला कधी काढल्या मला कळलंही नाही. ती सरळ धावत गेली आणि टोकावरून उडाली.

एवढीशी ती पोर हवेत फार वेळ होती असं मला आठवतं. मग पलीकडच्या टोकाचा दगड निसटला आणि नलू खाली पडली. आवाज पाण्याचा आला नाही, दगडाचा आला.

प्रभा किंचाळत वस्तीकडे पळाली. मी काठावर ओणवी झाले. नलू फरशीच्या तुकड्यावर पडली होती, अर्धी पाण्यात, पाय भलतीकडे वळलेला. ती हलत नव्हती. तिच्याभोवती सगळं लाल होतं. ते मिलचं पाणी होतं की तिचं रक्त, मला समजेना. मी हाका मारत होते आणि त्या लालकडे पाहत होते, कुठे जास्त गडद आहे का, तिच्या डोक्यापासून निघतंय का. रंग मला सांगतच नव्हता. माझ्या सगळ्या आयुष्यात मी एवढी घाबरले नाही. लाल साडी मी आजही नेसत नाही. सून म्हणते, आई, तुम्हाला लाल खुलेल. मी विषय बदलते.

खाली कशी गेले ते नीट आठवत नाही. उडी नाही मारली, हे मात्र नक्की. बसून, दगडांना धरून घसरत गेले, पाठ सोलून निघाली. नलूचं डोकं मी मांडीवर घेतलं, तोंड पाण्याबाहेर धरलं. तिचा श्वास चालू होता. मी तिला काय काय सांगत होते, सुकट माझी सगळी तुला, वही तुला, वेणीची रिबीन तुला. माणसं दोर आणि खाट घेऊन येईपर्यंत किती वेळ गेला कोण जाणे. माझ्यासाठी तो अजून पुरा झालेला नाही.

डोक्याला मोठी जखम नव्हती. लाल सगळं मिलचंच होतं. पण मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं आणि तापानं तिनं पाच दिवस डोळे नीट उघडले नाहीत. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात माय विड्यांचं सूप मांडीवर घेऊन नुसती बसलेली असायची, हात चालायचे नाहीत. बाबांनी विचारलं, "नलू काहून गेली वं तिथं?" मी म्हणाले, "मले माहीत नाही." हे माझं तिसरं खोटं. प्रभा आणि त्या दोघी भीतीनं गप्प बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, आम्ही शिकवणीतल्या लीपचा खेळ खेळत होतो. तेवढ्यावर वस्तीनं काय ते ठरवलं.

विहारात बैठक बसली. हा कोणता इंग्रजी शिकवायचा प्रकार, पोरांचे जीव घ्यायचा, असं एकेक जण बोलला. सगळ्यांत शेवटी बाबा उठले. ज्या माणसाच्या चिठ्ठीची ते वाट पाहत होते त्याला ते म्हणाले, "हवालदार, तुमच्या शब्दापायी माही पोरगी लंगडी झाली." काका उठून उभे राहिले, म्हणाले, "माही चूक हाय. उद्यापासून शिकवणी बंद." आणि बसले. मी बायांच्या मागे बसले होते. मी उठले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन त्यांच्या घरी गेले. ते दाढी करत होते. मी सगळं सांगितलं, खुणेपासून पुलियापर्यंत. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. अर्ध्या गालाला साबण तसाच वाळत होता. मग म्हणाले, "विहारात सांगू नको. तुह्या बाबाची मान खाली जाईन. मी म्हातारा माणूस, मले काय फरक पडते." मी रडायला लागले तर म्हणाले, "रडू नको. पण चिठ्ठी मी देणार नाही. वही पुरी नाही." मला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण सुटल्यासारखंच वाटलं. एका निर्दोष माणसानं माझा आळ आपल्या डोक्यावर घेतला आणि मी हलक्या पायानं घरी आले. बाबांना चिठ्ठी का मिळाली नाही ते कळलं नाही. वैर म्हणून दिली नाही असं ते समजले आणि पुढे काकांच्या मयतीलाही गेले नाहीत. मी कॉर्पोरेशनच्या शाळेत शिकले, तिथेच पुढे मास्तरीण झाले. बाबांना खरं सांगायचं, सांगायचं म्हणत राहिले, आणि ते गेले.

नलूचा डावा पाय दोन बोटं आखूड राहिला. तिनं शिवणाचं मशीन घेतलं, लग्न केलं, दोन पोरं वाढवली. वस्तीत तिला लोक 'लंगडी नलू' म्हणत आणि ती हाकेला ओ देत असे. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा मात्र तिला विचारल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं. ती माझ्याकडे हुडकेश्वरला आली होती, जाड टाचेची चप्पल दारात काढून, सोफ्यावर पाय लांब करून बसली होती. मी कागद वाचून दाखवले, सगळे. वाचताना माझा आवाज चौथ्या शीलासारखाच उतरत गेला. संपल्यावर मी म्हणाले, "नलू, त्या दिवशी मी खरं बोलली असती तर तुहा पाय गेला नसता. तू मले कधी काही म्हटलं नाही."

ती गुडघा चोळत होती.

"लिही सगळं," ती म्हणाली. "हवालदार काकाचं तर लिहीच. पण तू लिहिलं, का मी पडली. लोक वाचून म्हणतीन, पोट्टीले जमली नाही." मग माझ्या हातातल्या कागदांकडे बोट केलं. "माहे दोन्ही पाय तिकडं लागले होते. दगड मंग निसटला. ते नीट लिही."

म्हणून नीट लिहिते. तिचे दोन्ही पाय पलीकडे लागले होते. मी पाहिलं आहे.